कोरोवेलाच्या धावपट्टीचा कमांडर

आजच्या सभेचे अध्यक्ष, आपले गावप्रमुख तिमोती पासा. राजधानीहून मुद्दाम आलेले विमान खात्याचे साहेब. पाद्रीबाबा, आणि झावळ्यांच्या मांडवाखाली दाटीवाटीने बसलेल्या माझ्या कोरोवेलाकरांनो,

हेसेकाया नोरो आज चौतीस वर्षांनी विमानतळाच्या नोकरीतून निवृत्त होत आहेत. त्यांच्याविषयी बोलण्याचा मान माझ्यासारख्या शाळेच्या बाईला का? कारण त्यांच्या एकुलत्या एका गुन्ह्याची मी साक्षीदार आहे. साहेब, कान झाकून घ्या.

लढाईत परक्या फौजेने आपल्या नारळी तोडल्या, पोवळ्यांचा चुरा अंथरून धावपट्टी केली आणि दोन वर्षांत गाशा गुंडाळला. मग आपण तिच्यावर काय केलं? फुटबॉल, लग्नं आणि खोबऱ्याचं वाळवण. पुढे सरकारने आठवड्याला एक विमान सुरू केलं, हेसेकायांच्या हाती वायरलेस दिला. कागद बदलायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. धावपट्टी फौजेचीच राहिली. नऊ वर्षं वैमानिक खुशाल उतरत होते, कारण एकानेही तो कागद वाचला नव्हता.

मग एक वाचणारा आला. आणि नेमका कधी? माझं मूल आडवं आलं होतं, नर्सने हात टेकले होते, मला राजधानीच्या इस्पितळात न्यायला दाराच्या फळीवर निजवून धावपट्टीशी आणलं होतं, त्या सकाळी! विमान डोक्यावर घिरट्या घालतंय आणि हा वायरलेसवर म्हणतो, "हा लष्करी तळ आहे. कमांडरच्या परवानगीशिवाय उतरता येणार नाही."

"अरे बाबा, कमांडर पंचेचाळीस सालीच गेला!"

"मग त्याच्या जागी कोण आहे?"

हेसेकायांनी माझ्याकडे पाहिलं. पाय अनवाणी, कमरेला विटकी लुंगी. घसा खाकरून म्हणाले, "मीच. मुकाट्याने उतर, हा हुकूम आहे."

"होय साहेब!" म्हणाला आणि उतरला. माझी लेक ती बघा, तिसऱ्या रांगेत बसलीय.

महिन्याभराने चौकशी अधिकारी आला. "कमांडर कोण?" तुरुंगाची भीती होती, तरी हेसेकाया म्हणाले, "मीच." अधिकारी डोकं धरून बसला. ही लबाडी म्हणावी, तर खात्याची विमानं नऊ वर्षं कुणाच्या परवानगीने उतरली? शेवटी तो म्हणाला, "कमांडरने तळ विमानतळाच्या ताब्यात द्यावा, म्हणजे मिटलं."

हेसेकायांनी टेबलाच्या अलीकडे बसून 'दिला' म्हणून सही केली. उठून पलीकडे बसले, 'घेतला' म्हणून दुसरी केली. दारातून त्यांच्या बायको सेरावाबाई म्हणाल्या, "दोन-दोन साहेब झालात, आता एकाला लाकडं फोडायला पाठवा!"

अशा रीतीने, मंडळी, आपलं गाव रीतसर विमानतळाचं झालं.

आता हेसेकाया लेकीकडे राहायला निघालेत. काल मला बाजूला घेऊन विचारत होते, "बाई, बोट नाही का गं एखादी?" हजारो माणसं त्यांनी विमानात चढवली, स्वतः एकदाही बसलेले नाहीत. भीती वाटते म्हणे.

रताळी आणि मासे भाजणाऱ्या बायांचे, अध्यक्षांचे मनापासून आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. आणि हेसेकाया, विमान उतरलंय. उठा. माझा हात धरा, मी येते दारापर्यंत.