तुमची पोरगी पाठवता काय?

आमचं मूळ बाभुळगावचंच. अब्बा ट्रॅक्टरचे मिस्त्री होते, मी त्याइच्या हाताखाली शिकलो, पन मले गाडी खोलण्यापेक्षा चालवाचाच नाद, म्हनून जुनी जीप घेतली अन् भाड्यानं लावली. पन काय सांगू तुम्हाले, ते दिवस कापसाचे लय खराब, भावच नाही त लोकं वऱ्हाडबी ट्रकमंदी बसवून नेत, जीप कोन करते? अशात विद्यापीठाचं काम भेटलं. हिवाळ्यात त्याइची एक मॅडम याची, जिल्ह्यातल्या हायस्कुलाइत जाऊन बारावीच्या पोट्ट्याइले सांगाची का आमच्याकडे शिकाले या, होस्टेल हाये, भेऊ नका. फुलसावंगीपासून झरी जामणीलोक मीच तिले घेऊन फिरलो. मले शब्बीरभाई म्हने, संग जेवाले बसवे. मी मांगच्या बाकावर बसून तेच भाषण रोज आयको.

आमची नसरीन तवा बारावीलेच होती. हुशार पोट्टी. पन आर्णीवरून रिश्ता आलता, पोराचं कपड्याचं दुकान, तिच्या अम्मीची तयारीच होती, मीबी म्हनलं बरं हाये. नसरीन एकदाच बोलली, अब्बा, मले शिकाचं हाये. मी म्हनलं पाहू, अन् गाडी काढली.

त झरीकडे जंगलाच्या कडेले एक शाळा. वेचनीचे दिवस, अर्ध्या पोरी कापसात. काही आईबाप आलते. एक कोलाम आदिवासी बाप वावरातूनच आलता, धोतराले कापूस चिकटेल, माझ्या बाजूले भिंतीले टेकून उभा. त्याची पोरगी पुढे बसेल, सारखी मांगं वळून त्याच्याकडे पाहे. मॅडमनं इचारलं, बाबा, पाठवता न पोरीले? तो मॅडमशी बोलेच ना. माझ्याकडे वळला. तुले पोरगी हाये का? म्हनलं हाये. केवढी? म्हनलं बारावीले. मंग तू पाठवून राह्यला का तिले तिकडे?

सारी खोली माझ्याकडे पाहाले लागली, मॅडमबी. खोटं बोलनं सोपं होतं, तो काय बाभुळगावले पाहाले येनार होता? पन ती पोट्टी पाहून राह्यलती न, मले काय झालं कोन जाने, खरंच मनात ठरवून म्हनलं हो, पाठवतो. तो म्हने, मंग मीबी पाठवतो. बस, एवढंच.

घरी आलो अन् म्हनलं, आर्णीवाल्याइले नाही सांग. नसरीनची अम्मी भडकली, कायले, पोरात काय खोट हाये? म्हनलं खोट नाही, मी जबान देऊन आलो. कोनाले? त मले त्या मानसाचं नावबी मालूम नव्हतं! लय दिवस बोलली नाही माझ्याशी. मंग तिनंच पेटी भरली, वरून लोनच्याची बरनी ठेवली, म्हने होस्टेलचं जेवन कसं राह्यते कोनाले मालूम.

पहिल्या साली नसरीन लय रडली, एक पेपर गेला, म्हने घरी येतो. म्हनलं परत दे पेपर. दिला. आता तिकडेच माती तपासाच्या कामावर हाये, शादीबी तिले इचारून केली.

अन् त्या कोलामाची पोरगी? पुढच्या साली विद्यापीठानं दुसरी गाडी लावली, माझं तिकडे जानं झालं नाही. नसरीनले इचारलं त म्हने, अब्बा, इथं इतक्या पोरी, मले कसं कळन? मी म्हनतो, पाठवली असन त्यानं. आता डोळे अधू झाले, जीप इकली, घर अन् मस्जिद एवढंच माझं चालनं. नमाजीत नसरीनसाठी मांगतो न, तवा त्या पोरीसाठीबी मांगतो. नाव नाही मालूम म्हनून काय झालं, ज्याच्यापाशी मांगतो त्याले मालूम हाये.