याकोबमामांनी मागितलेली साक्ष

मामी, पाळकसाहेब, आणि देवणीतून, आजूबाजूच्या गावांतून आलेल्या मंडळींनो. बोलायचं बळ नाही अंगात. याकोबमामांना जाऊन चार दिवस झाले. चारही दिवस माणसं येतायत, विचारतायत, आणि मी प्रत्येकाला तेच सांगतोय. थकलोय. पण एक गोष्ट आज सांगितली नाही तर मग कधीच सांगणार नाही.

मी मन्मथअप्पा. गुरांच्या दवाखान्यासमोर माझं पेंडीचं दुकान. मामा त्या दवाखान्यात ड्रेसर होते, जनावरांची मलमपट्टी करायचे, अडलेली गाय सोडवायचे. मी लिंगायत, ते ख्रिस्ती. माझ्या गळ्यातलं लिंग गळ्यातच आहे. तरी मामांसंगं ऊठबस बघून काहींनी तोंडावर विचारलं, "अप्पा, बाटलास का काय?" मामांना हे सांगितलं तर हसले. म्हणाले, "अप्पा, माझ्यासंगं काय झालं तेवढंच मी सांगतो. पुढचं काम देवाचं, माझं न्हाई."

तेवढंच सांगतो. किती सोपं वाटतं ना?

माझी एक गाय होती. पांढरी, तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. व्यायला आली आणि अडली. मी त्या दिवशी लातूरला होतो, घरी माझी बायको महानंदा. परत आलो तर गाय गेलेली, वासरूही गेलेलं. महानंदा म्हणाली, "दोनदा माणूस धाडला मामांकडं. घरी न्हाईत म्हणले." मी म्हणालो, "खोटं बोलायलीस. धाडलाच न्हाईस तू." धाडलेला गडी दुसऱ्या दिवशी ऊसतोडीला निघून गेला, विचारायचं कुणाला? खरं सांगू, मला विचारायचंच नव्हतं. माझी आई तर येईल त्या पाहुण्याला सांगायची, हिच्या हयगयीनं गाय गेली. मी ऐकत बसायचो.

दोन वर्षांनी मामा दुकानात आले. "अप्पा, रविवारी साक्ष द्यायची हाय. तुम्ही या." आम्हाला साक्ष म्हटलं की कोर्टकचेरीच. वाटलं, कुणाची तरी भानगड झाली, आपलीही सही लागत असेल. धुतलेलं धोतर नेसलो, आधार कार्ड खिशात घातलं आणि चर्चच्या याच हॉलमध्ये येऊन बसलो. इथं गाणी चाललेली. शेजारच्याला विचारलं, "वकील कुठं हाय?" हसा, हसा. मामासुद्धा लई हसायचे त्यावर.

देवानं आपल्याला कसं सावरलं ते मंडळीत उभं राहून सांगायचं, ही तुमच्यातली साक्ष, हे तिथं कळलं. मग मामा उभे राहिले. म्हणाले, मी दारू पीत होतो. एकदा अडलेल्या गायीसाठी माणूस दोनदा दारात आला. मी आत पडलेलो. बायकोला म्हणलं, घरी न्हाई म्हणून सांग. गाय मेली. देवानं मला उचललं, पण त्या गायीच्या मालकाची माफी मी अजून मागितली न्हाई. मालक इथंच बसलाय.

मी उठून गेलो. सहा महिने बोललो नाही. मामा रोज सकाळी दुकानासमोरून जाताना म्हणायचे, "अप्पा, शरणार्थी." आमचा नमस्कार, त्यांच्या तोंडी. मी पेंडीच्या पोत्यांकडं बघायचो. मग आई अंथरुणाला खिळली, पाठीला जखमा झाल्या. मामा दारात येऊन उभे. "गुरांचा ड्रेसर हाय, चालंल का?" आई जाईपर्यंत रोज आले. एकाही दिवशी त्यांनी धर्माचं नाव काढलं नाही.

एवढं झाल्यावर राग कुठं टिकतो?

पण एक दिवस चहा पिता पिता म्हणाले, "अप्पा, महानंदाबाई खरं बोलल्या होत्या, हे त्यांना सांगितलं का?" मी म्हणालो, गावाला कळलंय, तिलाही कळलं असेल. "गावाला मी सांगितलं. त्यांना तुम्ही सांगायचं हाय. ती साक्ष तुमची." मी म्हणालो, सांगतो. पुढच्या वर्षी विचारलं, सांगतो. त्याच्या पुढच्या वर्षी, सांगतो. आता ते आजारी पडून मोठ्या दवाखान्यात होते, तिथं शेवटचा भेटलो, तेव्हा त्यांनी विचारलं नाही. नुसतं बघितलं. ते लई जड गेलं.

मामांच्या देवाबद्दल मला फार कळत नाही. पण आपली चूक चार माणसांत सांगून माणूस मरत नाही, उलट नीट जगतो, हे मी मामांकडं बघून शिकलो. शिकलो म्हणतो खरा, पण केलं नाही. रागावलो मामांवर, कारण तिच्यासमोर मान खाली घालायची नव्हती.

महानंदा तिकडं बायकांत बसली आहे. हे घरी सांगायला पाहिजे होतं. पण दोष पाहुण्यारावळ्यांत दिला होता, तो मागंही चार लोकांतच घ्यावा.

महानंदा, तू खरं बोलली होतीस. तू दोनदा माणूस धाडला होतास. मामांनी साक्ष दिली त्या दिवसापासून, बारा वर्षं, मला हे माहीत होतं. त्यानंतरही आई तुला बोलत होती, तेव्हाही माहीत होतं, आणि मी गप्प बसलो. चूक माझी.

मंडळी, आता मामांसाठी दोन मिनिटं शांत उभं राहू या. तिकडं बायकांत कुणी रडत असलं, तर तिला गप्प करू नका.