वाईचा नारळ

अगं, लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा फिरायला कुठे गेलो, तर वाईला. म्हणजे सासरी, दहिवडीत, अजून तसंच समजतात. निघताना हे सासूबाईंना म्हणाले, "आई, वाईन बघून येतो." त्यांना ऐकू आलं वाई. लगेच माझ्या हातात नारळ. "गणपतीम्होरं वाढव गं." मी तो घेऊन गाडीत बसले.

पलूसकडच्या वाईनरीच्या मळ्यात ऊन द्राक्षवेलींतून हिरवं होऊन खाली उतरत होतं. हे गाडी चालवणार, म्हणून लाल वाईनची चव माझ्याच वाट्याला आली. दोन घोटांनंतर मला न दिसणारी कृष्णा वाहताना ऐकू यायला लागली. नारळ मांडीवर तसाच.

घरी सासूबाई दारातच. "गणपती कसा हुता?"

"शांत होता," मी म्हणाले. नारळ पाठीमागे लपवला, पण ओठ कुठे लपवणार?

"आन् परसाद जांभळा हुता व्हय?"

संपलं. आता माहेरी फोन जाणार.

त्यांनी नारळ काढून घेतला आणि हळूच म्हणाल्या, "द्राक्षाच्या मळ्यात लय हिरवंगार असतंय म्हणं. आता मला बी ने. तुज्या सासऱ्याला मातर वाईच सांगायचं."