धनगरवस्तीचा टँकर

(दुष्काळातला उन्हाळा. पाचोडहून वस्त्यांना टँकर पाठवायचं काम बघणारे त्रिंबककाका आणि शहरातल्या गारखेड्यातून, त्या कामासाठी मोबाइलवरचं पान बनवून देणारी त्यांची पुतणी दिपाली, फोनवर.)

त्रिंबक : दाबलं की बाई. आता बोट मोडायचं तेवढं राहिलंय.

दिपाली : काका, पुन्हा सांगा. "टँकर पाठवा" दाबल्यावर नेमकं काय होतं?

त्रिंबक : ते गोल फिरतंय, फिरतंय आन् थांबतंय. बाकीच्या वस्त्यांपुढं हिरवं होतंय. आपल्या धनगरवस्तीलाच नाय.

दिपाली : माझ्याकडं तर चालतंय. पान बंद करून परत उघडलंत?

त्रिंबक : तूच म्हणली व्हतीस ना, पान उघडझाप करायची गरज नाय, जेवढं बदलायचं तेवढंच बदलतं?

दिपाली : तेवढंच बदलायला हवं. ते बदलत नाही म्हणून तर सकाळपासून डोकं उठलंय माझं.

त्रिंबक : तुझं डोकं उठलंय, हितं वस्ती उठलीया. तीन दिस टँकर नाय. वस्तीतली सरूबाई चारचौघांत म्हणली, त्रिंबकनं आपलं पाणी पुतणीच्या बिल्डिंगीला पाठवलं.

दिपाली : आमच्या? आम्हीच विकतचं पाणी पितो हो.

त्रिंबक : ते तिला सांग. काल कीर्तनात टाळ घेऊन उभा राहिलो, तर म्होरल्या बाया उठून गेल्या. बुवांचं गाणं चालू, आन् माझा टाळ हातात तसाच. जन्मात असं झालं नव्हतं, पोरी.

दिपाली : ...काका, एक करा. बटण दाबा, पण आपल्या वस्तीकडं बघू नका. पान वर सरकवा. कुठं काही हललं का?

त्रिंबक : थांब. हां, वर झालं की हिरवं.

दिपाली : कुठल्या नावापुढं?

त्रिंबक : धनगरवस्ती. पण ही आपली नव्हं, नदीपल्याडची.

दिपाली : देवा रे. प्रत्येक वस्तीच्या चौकटीला मी फक्त वस्तीचंच नाव दिलं, काका. एका नावाच्या दोन चौकटी आल्या की ते वरचीच धरतं. खाली येतच नाही, आणि डायव्हरलाही वरच्याच वस्तीचा निरोप जातो.

त्रिंबक : अगं, गावोगाव धनगरवस्ती असती.

दिपाली : माझ्या डोक्यात धनगरवस्ती म्हणजे आपली. दुसरी असेल, हे आलंच नाही मनात.

त्रिंबक : म्हंजी मी दाबीन तेवढे टँकर तिकडं?

दिपाली : किती वेळा दाबलंत?

त्रिंबक : मोजीत बसलो व्हतो व्हय? जप केल्यावानी दाबलं.

दिपाली : आणि तिकडून कुणी हूं की चूं नाही?

त्रिंबक : दारात पाणी आलं तर कोण बोलंल? कडुबा डायवर म्हणला खरा, तिकडला हौद भरून वाहतोय. मी म्हणलं, पांडुरंगाची कृपा.

दिपाली : आत्ताचाही तिकडंच निघाला असेल. कडुबाला आधी थांबवा. मी नावापुढं गाव जोडते.

त्रिंबक : दुसऱ्या फोनवरनं थांबवला. फाट्यावरच व्हता.

दिपाली : झालं. पान नव्यानं उघडा आणि दाबा. एकदाच.

त्रिंबक : ...फिरतंय... हिरवं. आपल्यापुढंच. कडुबालाबी गेलं, गाडी वळवतो म्हणतोय.

दिपाली : सरूबाईला फोन द्या. चूक माझी आहे, मीच सांगते.

त्रिंबक : माझ्या हातातला फोन ती घ्यायची नाय. तू तिच्याच फोनवर लाव.