चिमणीच्या पायथ्याचं दार

वहिनी : परत सांगा. त्या बायकांच्या गटाला तुम्ही बांधून दिलेल्या भट्टीत धूर कुठून आला?

दीर : भट्टीच्या तोंडातून. जिथून लाकडं घालतो तिथून. चिमणीतून वर जायचा तो उलटा फिरला आणि सगळी शेड भरली.

वहिनी : आत कोण होतं?

दीर : त्यांच्या गटातली एक म्हातारी. चक्कर येऊन पडली. आता बरी आहे वहिनी. एक रात्र दवाखान्यात ठेवलं, काल घरी सोडलं.

वहिनी : म्हणजे परवाची गोष्ट. आणि मला आज सांगताय.

दीर : मला वाटलं लाकडं ओली असतील.

वहिनी : आपल्या भट्टीत भर पावसात ओली लाकडं जातात. आजवर कोण पडलं?

सासू : अगं, त्याला पाणी तरी पिऊ दे. दारात पाय ठेवत नाही तोच फैलावर घेतलंस.

वहिनी : पाणी आहे तिथेच आहे, आई. त्यांना हात आहेत. आणि त्या कुंड्यांना टेकू नका, कच्च्या आहेत अजून.

दीर : वहिनी, मला एकच सांगा, म्हणजे मी निघतो. भट्टी पेटवायच्या आधी तुम्ही चिमणीच्या पायथ्याचं ते छोटं दार उघडून आत मूठभर वाळलं गवत जाळता. ते कशासाठी?

वहिनी : चार वर्षं बघताय. आज विचारताय.

दीर : सांगा ना.

वहिनी : तुम्ही त्यांना काढून दिलेल्या नकाशात ते दार आहे?

दीर : मापं सगळी आपल्या भट्टीचीच आहेत.

वहिनी : भाऊजी, दार आहे का नाही?

दीर : नाही.

वहिनी : का नाही?

दीर : मला वाटलं, तो तुमचा शकुन आहे.

सासू : शकुनच म्हणायचीस की तू. मीसुद्धा तेच समजत होते.

वहिनी : पोरं त्या दारात चिंध्या कोंबायची. म्हणून सांगितलं, हा शकुन आहे, हात लावला तर भट्टी रुसते. पोरांना सांगितलं होतं मी. दाढीमिशा आलेल्या माणसांनी ऐकावं म्हणून नव्हतं.

दीर : मग बक्षीस देणाऱ्या समितीसमोर काय सांगायचं होतं? आमच्या वहिनी आधी गवत जाळून शकुन करतात? ग्रामीण लघुउद्योग, शाश्वत तंत्रज्ञान, असल्या नावाखाली अर्ज होता. हसले असते सगळे.

वहिनी : हसू आलं असतं म्हणून तुम्ही नकाशातून दार गाळलंत. विचारलं असतंत तर तोंड झिजलं असतं का? मी काय दुसऱ्या गावाला राहत होते? तुम्ही टेबलावर नकाशा काढत होतात तेव्हा मी दहा पावलांवर माती मळत होते.

सासू : झालं ते झालं. आता सांगून टाक बाई. घरातलं भांडण घरात ठेवा.

वहिनी : घरात कुठे राहिलंय, आई? एका म्हातारीच्या छातीत जाऊन बसलंय. ऐका भाऊजी. साध्या भट्टीचा धूर सरळ वर जातो. आपला जात नाही. आपण त्याला आधी ह्या वाळवणीच्या ओट्याखालून वीस फूट आडवा फिरवतो, त्याच्या उबेवर कच्चा माल वाळवतो, मग चिमणीला सोडतो. म्हणून तर लाकूड निम्मं लागतं. पण एवढं चालून धुराचा दम जातो. आणि चिमणी असते थंडगार. तिच्यात गार हवा बूच मारून बसलेली असते. पायथ्याशी गवत जाळलं की ते बूच निघतं, चिमणी तापते आणि मागचा धूर ओढायला लागते. एवढंच आहे. शकुन नाही, काही नाही.

दीर : एवढंच? मग सोपं आहे. मी जाऊन त्यांना सांगतो, आधी गवत जाळा.

वहिनी : कशात जाळणार?

दीर : चिमणीच्या... अरे देवा.

वहिनी : आत्ता डोक्यात प्रकाश पडला. आज किती वाजता पेटवणार आहेत?

दीर : अकराला. पाहुणे येणार आहेत, प्रकल्पवाले साहेब येणार आहेत. तिन्ही भट्ट्या एकदम पेटवायच्यात.

वहिनी : आता साडेनऊ झालेत. शेड उघडी आहे ना?

दीर : राख उडून पाहुण्यांच्या अंगावर नको, म्हणून तिन्ही बाजूंनी ताडपत्री लावलीये.

वहिनी : कुणी लावायला सांगितली?

दीर : मीच.

वहिनी : फोन लावा. पेटवू नका म्हणावं.

दीर : वहिनी, असं एकदम नाही सांगता येत. काय कारण देऊ? नकाशा चुकला म्हणून सांगू? साहेब पुढच्या वर्षी अशा चाळीस भट्ट्या बांधणार आहेत. सगळी कामं हातची जातील. मी तासाभरात पोचतो, गुपचूप दोन विटा काढतो...

वहिनी : तुम्ही? कुठल्या दोन? चुकीची वीट निघाली तर चिमणी डोक्यावर येईल. आयुष्यात एक कुंडी भाजलीत का?

सासू : असं बोलू नये गं. तो फिरतो, चार लोकांशी बोलतो, म्हणून आपला माल खपतो. तुझ्या नवऱ्याला जमलं असतं का ते? तो बरा आणि त्याचा टेम्पो बरा.

वहिनी : बोलता येतं, मान्य. माल विकावा की त्यांनी, मी कधी नाही म्हटलं? पण हा ओटा मी तीनदा बांधून तीनदा फोडला, आई. दुसऱ्या वेळेला तुम्हीच म्हणालात, हिला खूळ लागलंय. दोन वर्षं गेली त्यात. हा हात बघा, कोपरापर्यंत भाजलेला. आणि बक्षीस घ्यायला निघालो तेव्हा भाऊजी आणि साहेब टेम्पोत पुढे, तुमच्या थोरल्याशेजारी. मी मागे, कुंड्या फुटू नयेत म्हणून धरून बसलेली.

दीर : कुणीतरी धरायला हवं होतं.

वहिनी : हो ना. आणि तिथे एका बाईंनी विचारलं, ह्या कोण? काय सांगितलंत?

दीर : वहिनी, जाऊ द्या आता.

वहिनी : आईंना सांगा. त्यांना माहीत नाही.

दीर : मदतनीस म्हणालो.

सासू : कोणाला? हिला?

दीर : अगं, घाईत होतो. अर्जावर एकाचंच नाव चालतं.

सासू : अरे, दोन वर्षं तिच्या हातांना हळद लावलीये मी. मदतनीस म्हणालास?

वहिनी : माझंही चुकलंच, आई. सगळे शकुन शकुन म्हणायला लागले आणि मी गप्प बसले. वाटलं, विचारत तर कुणी नाही, निदान घाबरतात तरी. बरं वाटायचं. ते बरं वाटणं त्या म्हातारीला भोवलं. लावा फोन, भाऊजी.

दीर : मी आधी साहेबांशी बोलतो.

सासू : साहेबांच्या नाकात धूर जाणार आहे का? लाव म्हणते ना. का मी शेजारच्या पोराला बोलावू?

(गट चालवणाऱ्या ताईंना फोन लागतो. दीर दोनच शब्द बोलतो, त्याचा चेहरा उतरतो, आणि वहिनी फोन त्याच्या हातातून काढून घेते.)

वहिनी : काय म्हणताय? पाहुण्यांना तापलेली दाखवायची म्हणून आत्ताच? किती पेटवल्यात? एक. धूर तोंडातून येतोय ना? हो, येणारच. हे बघा ताई, आधी सगळ्यांना बाहेर काढा. ताडपत्री सोडवत बसू नका, फाडा. फाडा म्हणते ना, भरून देतील भाऊजी. पेटती लाकडं लांब सळईने ओढून बाहेर घ्या, पण आत पाणी मारू नका, वाफ तोंडावर येईल. मी थांबते. फोन ठेवू नका.

दीर : वहिनी, पाहुण्यांना काय सांगायचं?

वहिनी : सांगा, भट्टी रुसली. हं, बोला ताई. आल्या का सगळ्या? मोजा. आठ? तुमच्यासकट आठ का तुम्हाला सोडून? परत मोजा. आणि त्या परवाच्या आजी? त्या घरी आहेत ना? बरं. बसा आता मोकळ्यावर, घाई नाही कसली.

सासू : सगळ्या बऱ्या आहेत?

वहिनी : आहेत. थोडा खोकला आहे. काय म्हणालात, ताई? तुम्ही ह्यांना विचारलं होतं? धूर एवढा लांबून येऊन वर कसा चढणार, असं? मग हे काय म्हणाले?

दीर : वहिनी...

वहिनी : नकाशा पास झालाय, म्हणाले. असं म्हणाले. बरोबर विचारलं होतं तुम्ही. तुम्हाला भट्टी कळते. आता एक करा, छिन्नी आणि हातोडा काढून ठेवा. चिमणीच्या पायथ्याशी, जमिनीपासून वीतभर वर, दोन विटा काढून दार करायचंय. पण मी येईपर्यंत हात लावू नका. कुठल्या दोन ते दाखवते. एकदा बघितलं की बाकीच्या दोन तुम्हीच कराल. मी कोण? मी मदतनीस बोलतेय.

दीर : असं सांगायची काय गरज होती?

वहिनी : तुम्ही सांगितलंत तेच सांगितलं. घ्या तुमचा फोन.

दीर : मी साहेबांना सांगेन, वहिनी. खरं काय ते. नकाशावर तुमचं नाव घालायला लावेन.

वहिनी : नाव कागदावर नंतर घाला. आधी दार घाला. आणि साहेबांशी मी स्वतः बोलेन. समोर उभी राहून. तुम्ही मधे पडू नका.

दीर : बरं.

वहिनी : आई, ह्या कुंड्या दुपारी एकदा फिरवाल का? ह्या अंगाला वाळल्यात, त्या अंगाला ओल आहे.

सासू : फिरवते. तू जा. कोपऱ्यातली ती गवताची पेंढी घे, वाळलेली आहे. तिथे मिळेल न मिळेल.

दीर : दे, मी ठेवतो टेम्पोत. दादा आलाच आहे माल टाकून, बाहेर उभा आहे. चला वहिनी.

सासू : थांब रे. पुढे तिला बसव. तू मागे पेंढी धरून बस.