सात नंबरची टीप

(दुपारचा एक. खोलीचे पडदे लावलेले, टेबलाखाली संगणकाचा डबा लाल-निळा उजळतोय. दादा मोठ्या खुर्चीत, बारकी शेजारी स्टुलावर.)

बारकी: आधी कीबोर्डवरचा हात काढ.

दादा: काढतो. पण कीबोर्ड जागचा हलवू नकोस हं. टेबलावर चिकटपट्टीच्या खुणा केल्यात बघ, तो कोन ठरलेला आहे.

बारकी: कोणी ठरवला?

दादा: जगात चौथा आलेला एक खेळाडू आहे, तो एवढाच तिरका ठेवतो.

बारकी: आणि हा हातमोजा?

दादा: घाम येतो ना. दोन बोटं कापलीत मी त्याची, तिथे माउसचा स्पर्श लागतो.

बारकी: माउसची वायर दिव्याच्या दांड्याला टांगलीस?

दादा: वायर टेबलाला घासली की नेम चुकतो, बारके. तुला नाही कळायचं, हे बारकावे असतात.

बारकी: नाही कसं कळणार. नेम चुकायची इतकी कारणं एका टेबलावर मांडायची म्हणजे मेहनत आहे. बरं, झालंय काय?

दादा: सोमवारपासून गेम अडखळतोय. शत्रू समोर येतो, मी बटण दाबतो, चित्र थबकतं, आणि हलतं तेव्हा मी मेलेलो असतो. आणि आज चारला सामना आहे. पाच विरुद्ध पाच, जिंकलो की मुख्य फेरी. चार वर्षं मी त्या फेरीच्या दारात उभा आहे. आज हे मशीन नीट चाललं नाही ना, तर मी गेम सोडून देणार.

बारकी: हे गेल्या वर्षीही म्हणाला होतास.

दादा: गेल्या वर्षी इंटरनेटने घात केला.

बारकी: त्याच्या आधल्या वर्षी खुर्चीने.

दादा: खुर्ची खरंच खाली सरकायची. बरं, कॉलेजातून अर्धा दिवस रजा टाकून आलीस ना? माझ्यासाठी?

बारकी: रजा टाकलीय खरी. रविवारी काय केलंस या मशीनला?

दादा: काही नाही.

बारकी: दादा, कॉलेजच्या प्रयोगशाळेत चाळीस मशीन सांभाळते मी. ज्याचं बिघडतं तो पहिल्यांदा हेच म्हणतो.

दादा: एक स्क्रिप्ट टाकली फक्त. गेम सुरू झाला की बाकीचं सगळं फालतू बंद करते. एका माणसाने दिली होती, त्याने शपथेवर सांगितलं की वेग वाढतो.

बारकी: उघड. ती काळी खिडकी उघड आणि मला वाचून दाखव.

दादा: वाचून काय दाखवायचंय? इंग्रजीच आहे.

बारकी: प्रत्येक ओळ वाच आणि ती काय करते ते सांग.

दादा: ही पहिली... ही काहीतरी थांबवते. दुसरीही थांबवते. तिसरी जोरात थांबवते.

बारकी: तिसरी आवाज सांभाळणारा प्रोग्रॅम बंद करते. तो लगेच परत उठतो, ही परत त्याला मारते. दर दोन सेकंदांनी त्यांची झोंबाझोंबी चालते आणि तुझं चित्र थबकतं.

दादा: म्हणजे शत्रूने नाही मारलं मला?

बारकी: शत्रूनेच मारलं. तू फक्त स्वतःला बांधून दिलंस त्याला. ही स्क्रिप्ट काढते.

आई: (दारातून) चहा ठेवलाय. आणि त्या डब्याच्या मागे माझा टॉवेल वाळत टाकलाय, तो पाडू नका.

दादा: आई, तिथून हवा बाहेर पडते. टॉवेल टाकू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं.

आई: गरम हवा फुकट चालली होती, म्हणून टाकला. बाहेर दोन तास लागतात, इथे अर्ध्या तासात वाळतो. तुझ्या या यंत्राचा तेवढा तरी उपयोग होऊ दे घराला. चहा आत्ताच घ्या, चार वाजता दोघंही दारं लावून बसाल आणि मी हाका मारत राहीन.

दादा: दोघं नाही गं, मी एकटा. हिची कसली तरी मीटिंग असेल.

आई: मला काय ठाऊक. एक या खोलीत ओरडतं, एक त्या खोलीत.

बारकी: आई, टॉवेल घेऊन जा. आज तो इथे नको.

दादा: बघ, हिला कळतं.

बारकी: आता तुझी बटणं बघू. हे काय? एक बटण दाबलं की उडी पण आणि बॉम्ब पण?

दादा: भारी आहे ना? हाताने कधीच एका वेळी जमत नाही. स्क्रिप्टने दर वेळी तिथेच पडतो.

बारकी: स्पर्धेचे नियम वाचलेस?

दादा: नियम कॅप्टन वाचतो.

बारकी: कॅप्टन कोण?

दादा: मी.

बारकी: नऊ नंबरचा नियम. एका बटणात दोन कामं करणाऱ्या स्क्रिप्टला बंदी. सापडलं तर अख्खी टीम बाद.

दादा: कोण तपासतंय एवढं.

बारकी: समोरची टीम तक्रार करू शकते.

दादा: समोर कोणीतरी नवखे आहेत. नाव पण बघितलं नाही मी. चुकून तीन सामने जिंकून वर आलेत.

बारकी: तीन वेळा चुकून?

दादा: होतं असं. बरं, काढ ती स्क्रिप्ट. आज एवढी सेवा कशी चाललीय तुझी?

बारकी: बाद होऊन हरायला नको तू. आता मुख्य फाईल उघड. गेम सुरू होताना जी वाचली जाते ती.

दादा: ती नको. चारशे ओळी आहेत, तीन वर्षांची पुंजी आहे माझी. सगळ्या मोठमोठ्या खेळाडूंकडून एकेक ओळ उचललीय.

बारकी: उघड रे.

दादा: बघ. पण हात लावू नकोस.

बारकी: (फाईल खाली सरकवत जाते, एका ओळीवर थांबून हसू दाबते.)

दादा: काय झालं? हसतेस का?

बारकी: स्क्रीनवर वेगाचा आकडा का दिसत नाही तुझ्या?

दादा: बंद केलाय मी तो. आकडा बघितला की लक्ष विचलित होतं, असं एक चॅम्पियन म्हणतो.

बारकी: मग सेकंदाला किती चित्रं दिसतात तुला?

दादा: दोनशे चाळीस. स्क्रीनच्या खोक्यावरच लिहिलंय.

बारकी: खोक्यावर. बरं, अकरावी ओळ वाच.

दादा: "एफपीएस मॅक्स साठ."

बारकी: म्हणजे?

दादा: म्हणजे... ही महत्त्वाची ओळ आहे. हिच्यापुढे बघ काय लिहिलंय, "या ओळीला हात लावू नकोस." कुठल्या तरी मोठ्या खेळाडूने बजावून ठेवलंय. मी तर माझ्या टिप्सच्या पानावर पण टाकलीय ती. सात नंबरची टीप. सतराशे लोक वाचतात ते पान.

बारकी: सतराशे.

दादा: काहींनी आभारही मानलेत. गेम स्थिर झाला म्हणाले.

बारकी: स्थिर होणारच. दादा, ती सूचना मी लिहिलीय.

दादा: कोणी?

बारकी: मी. तीन वर्षांपूर्वी तुला फाईल म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं, तेव्हा माझी फाईल तुला दिली होती. माझा लॅपटॉप सेकंदाला साठ चित्रांच्या वर गेला की तापून बंद पडायचा, म्हणून वेग साठवर बांधला होता मी. तू मध्येच माझ्या लॅपटॉपवर खेळायला बसायचास आणि वाटेल ते बदलायचास, म्हणून लिहून ठेवलं, हात लावू नकोस.

दादा: म्हणजे हे मशीन...

बारकी: हे मशीन, ही स्क्रीन, हा हातमोजा, सगळं तीन वर्षं माझ्या लॅपटॉपच्या वेगाने चाललंय. चारशे ओळी बदलल्यास तू. ज्या एका ओळीला हात लावायला हवा होता, तिथे मात्र बहिणीचा शब्द मोडला नाहीस.

दादा: हे कोणाला सांगू नकोस.

बारकी: सतराशे जणांना तूच सांगितलंयस.

दादा: अगं, थट्टा पुरे. काढ ती ओळ.

बारकी: काढते. आधी एक आठवतं का सांग. मार्चमध्ये मला टीममधून काढलंस, तेव्हा ग्रुपवर काय लिहिलं होतंस माझ्याबद्दल?

दादा: ते कशाला आता?

बारकी: तुला आठवत नसेल, मला पाठ आहे. "जिचं मशीन साठच्या वर जात नाही, ती टीमच्या गळ्यातली धोंड आहे. भावना बाजूला ठेवून निर्णय घेतोय." उरलेल्या तिघांनी त्यावर अंगठे दिले. मी बाजूच्या खोलीत होते, दादा. दार वाजवून सांगितलं असतंस तरी चाललं असतं.

दादा: कॅप्टनला कठोर व्हावं लागतं.

बारकी: तू स्वतः साठवर खेळत होतास.

दादा: मला काय माहीत होतं.

बारकी: तेच म्हणतेय मी. हे घे, ओळ काढली. आता सुरू करून बघ. सराव मैदानात जा, माउस फिरव.

दादा: ...अरे बापरे.

बारकी: काय?

दादा: लोणी आहे गं हे. सगळं वाहतंय नुसतं. हे असं दिसतं बाकीच्यांना? तीन वर्षं?

बारकी: वायर, इंटरनेट, आवाज, सगळं तपासलंय मी. खुर्चीचा स्क्रू पण घट्ट केलाय. आणखी काही खुपतंय का? आत्ताच सांग.

दादा: नाही. पहिल्यांदाच काही म्हणजे काही खुपत नाहीये. बारके, ऐक. मार्चमध्ये जरा जास्तच लिहिलं गेलं माझ्याकडून. तू राखीव खेळाडू म्हणून ये परत. बाकीच्यांना मी समजावतो.

बारकी: राखीव.

दादा: सुरुवातीला. मग बघू.

बारकी: नको. मला चारला काम आहे.

दादा: बघ बाबा, संधी देतोय मी. या दळभद्री नवख्यांना उडवलं की आम्ही मुख्य फेरीत. मग जागा मिळणार नाही.

बारकी: त्या नवख्यांचं नाव तरी बघ एकदा.

दादा: नावात काय आहे? थांब, बघतो. चार वाजता... आमच्यासमोर... "धोंड." हे काय नाव झालं? "टीम धोंड." खेळाडू पाच, कॅप्टन...

आई: (दारातून) चहा गार झाला दोघांचा.

दादा: बारके, हा तुझा फोटो आहे.

बारकी: हो.

दादा: तू अजून त्याच लॅपटॉपवर खेळतेस?

बारकी: त्याच. साठवर.

दादा: अगं मग तू... गेले दोन तास हे सगळं नीट कशासाठी केलंस? अडखळू द्यायचं होतंस की मला. आयती जिंकली असतीस.

बारकी: आणि संध्याकाळी जेवताना ऐकलं असतं, मशीन अडखळलं म्हणून हरलो. जन्मभर ऐकलं असतं.

दादा: (टेबलावरचा हातमोजा उचलतो.)

बारकी: हातमोजा घाल, दादा. अजून एक तास आहे, सराव कर. मशीन आता नीट आहे.