चौकातला फ्लेक्स

कार्डिफच्या कोर्टात माझ्या मागच्या बाकावर दोघी मराठीत बोलत होत्या.

“इथं आश्रय नाकारला कशावरून गं?”

“पुरावा नाही म्हणे, काकू. आता जज एवढंच बघणार, तो नकार कायद्याला धरून आहे का.”

“आणि हा फ्लेक्स? जातीबाहेर लग्न केलंस म्हणून बापानं भर चौकात जिवंत लेकीला श्रद्धांजली वाहिली!”

“नकाराच्या पत्रात लिहिलंय, हा नुसता राग आहे, जिवाला धोका नाही.”

“मोबाईल दे बघू. अगं, फ्लेक्सवर तुझ्या शेजारी तुझा सुगतपण आहे. तो अपघातात गेला कधी?”

“फ्लेक्स लागल्यावर नऊ दिवसांनी. पोलिसांनी अपघातच लिहिलाय.”

“म्हणजे हा लागला तेव्हा तो...”

“हा फोटो त्यानंच काढलाय, काकू. हसत होता.”